मूल एका गावात, आपण दुसऱ्या: टाइप १ मधुमेहात दुरून शुगरवर लक्ष कसं ठेवावं

कोकणातलं घर बहुतेक वेळा दोन ठिकाणी वसलेलं असतं. वडील बोरिवलीला नाहीतर दिव्याला, आई आणि आजी-आजोबा वाडीवर. किंवा पोर शिकायला हॉस्टेलवर आणि आईवडील गावी बागेत. अशा घरात कुणाला टाइप १ मधुमेह असला की काळजी दुप्पट होते. या आजारात शरीर शुगर खाली आणणारं इन्सुलिन स्वतः जवळजवळ बनवतच नाही, ते बाहेरून टोचावं लागतं. एकदा टोचलेलं इन्सुलिन जेवण लांबलं, खेळ जास्त झाला म्हणून थांबत नाही. तासाभरात शुगर कुठच्या कुठे जाते. दंडावर लावायचे सेन्सर आल्यापासून ही शुगर दुसऱ्या गावातल्या माणसाला फोनवर दिसते, ही फार मोठी सोय झाली आहे.

माझा मुलगा टाइप १ आहे. तो शाळेत होता तेव्हा आम्ही देवगड तालुक्यात आणि त्याचे बाबा मुंबईला असायचे. आता तो रत्नागिरीत कॉलेजला आहे आणि त्याचा आकडा मी गावातून बघते. एवढ्या काळात माझं एक मत पक्कं झालंय: सेन्सर घेण्याआधी माणसं ठरवावी लागतात. मुंबईत बसून ५८ असा धोक्याइतका घसरलेला आकडा दिसला आणि त्या क्षणी मुलाच्या हातात साखर द्यायला कुणी नसेल, तर त्या आकड्याने फक्त आपला जीव टांगणीला लागतो. म्हणून खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत. इन्सुलिनचे डोस आणि तुमच्या मुलाची टार्गेट डॉक्टरांनीच ठरवायची. इथले आकडे सर्वसाधारण आहेत.

पहिली पायरी: हाकेच्या अंतरावरचं माणूस

तीन माणसं कागदावर लिहा. एक, जे पाच मिनिटांत मुलापर्यंत पोचू शकतं: आजी, शेजारची काकू, हॉस्टेलचा रूममेट, वर्गशिक्षक. दुसरं, ज्याच्याकडे गाडी आहे आणि जे रात्री उठवलं तरी येईल. तिसरं, लांबून आकडा बघणारं. शेवटी निर्णय पहिल्या माणसाच्या हातात असतो, कारण मूल त्याच्या डोळ्यांसमोर असतं. घाम आलाय का, बोलणं अडखळतंय का, हे सेन्सर सांगत नाही.

या पहिल्या माणसाला तीन गोष्टी करता आल्या पाहिजेत: ग्लुकोमीटरने बोटातून शुगर तपासणं, ग्लुकोज पावडर पाण्यात कालवून देणं, आणि मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता कुशीवर वळवून १०८ ला फोन करणं. नुसतं तोंडी सांगून भागत नाही. त्यांच्याकडून एकदा करून घ्या. माझ्या सासूबाईंना फोन वापरता येत नव्हता, पण ग्लुकोमीटर त्या सहज शिकल्या. रात्री नातवाच्या कपाळाला हात लावून ‘झिला, साखर खाल्लंस काय?’ असं विचारणारी आजी माझ्यासाठी कुठल्याही ॲपइतकीच मोलाची होती.

साखरेची जागाही ठरवा. स्वयंपाकघरात, दप्तरात, उशाशी, गाडीच्या डिकीत, प्रत्येक ठिकाणी ग्लुकोजचं पाकीट असू द्या. पावसाळ्यात ते दगड होतं, त्यामुळे घट्ट झाकणाच्या छोट्या डबीत भरून ठेवा.

दुसरी पायरी: आकडा वाचायला शिका

बघणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत हवं की सेन्सर रक्तातली शुगर मोजत नाही. कातडीखाली पेशींच्या भोवती जो द्रव असतो त्यातली तो मोजतो. रक्तातला बदल तिथे पोचायला साधारण पाच ते पंधरा मिनिटं लागतात. शुगर स्थिर असते तेव्हा दोन्ही आकडे जवळजवळ येतात. वेगाने चढताना किंवा उतरताना सेन्सर मागे पडतो.

त्यामुळे आकड्याइतकाच बाण महत्त्वाचा. बहुतेकांच्या हाती असलेल्या लिब्रे या ॲबट कंपनीच्या सेन्सरमध्ये आडवा बाण म्हणजे मिनिटाला १ मिलिग्रॅमपेक्षा कमी बदल, तिरका म्हणजे १ ते २, आणि सरळ वर किंवा खाली म्हणजे मिनिटाला २ पेक्षा जास्त. आता दोन प्रसंग घ्या. ७८ आणि आडवा बाण: लक्ष ठेवा, घाई नाही. ११० आणि सरळ खाली बाण: पाव तासात मूल ८० च्या खाली असू शकतं, आत्ताच काहीतरी खायला हवं. नवखा माणूस पहिल्याला घाबरतो आणि दुसऱ्याला ‘नॉर्मल’ म्हणून सोडून देतो.

सर्वसाधारण पट्टा ७० ते १८० मिलिग्रॅमचा (दर डेसीलिटरला, इथले शुगरचे सगळे आकडे याच मापात). ७० च्या खाली लो, ५४ च्या खाली गंभीर लो. दिवसाचा ७० टक्क्यांहून जास्त वेळ पट्ट्यात आणि ४ टक्क्यांहून कमी वेळ ७० च्या खाली, एवढं साधलं की बरंच साधलं.

सेन्सर फसवतो असे काही ठरलेले प्रसंग आहेत. नवा लावल्यावर पहिला दिवस आकडा भरवशाचा नसतो. मूल सेन्सरच्या दंडावर झोपलं की तिथला द्रव दाबला जातो आणि रात्री दोन वाजता आलेखात कडा तुटल्यासारखी शुगर पडलेली दिसते. कूस बदलली की ती परत वर येते. लिब्रे २ सारख्या सेन्सरवर दिवसाला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त व्हिटॅमिन सी घेतलं तर आकडा खोटाच जास्त दिसू शकतो, म्हणजे खरी लो झाकली जाते. आणि सगळ्यांत मोठा नियम: आकडा आणि मुलाची अवस्था जुळत नसेल तर बोट टोचून बघा. सेन्सर असला तरी ग्लुकोमीटर आणि स्ट्रिपा घरात हव्यातच.

तिसरी पायरी: कुठला सेन्सर

दुकानात किंवा ऑनलाइन विचारताना एकच प्रश्न आधी विचारा: हा सेन्सर आपणहून फोनला आकडा पाठवतो, की फोन दंडाला लावून स्कॅन करावं लागतं? जुन्या प्रकारच्या लिब्रेला स्कॅन लागतं. मुलाने स्कॅन केलं तरच लांबच्या माणसाला आकडा दिसतो. मूल रात्री झोपलेलं असताना स्कॅन कोण करणार? दुरून लक्ष ठेवायचं असेल तर ब्लूटूथने दर मिनिटाला किंवा पाच मिनिटांनी आपोआप आकडा पाठवणारा आणि अलार्म देणारा सेन्सरच घ्या. लिब्रे प्रो नावाचाही एक प्रकार मिळतो, तो डॉक्टरांना नंतर आलेख बघण्यासाठी असतो. स्वस्तात मिळाला म्हणून या कामासाठी तो घेऊ नका.

पैसे भरण्याआधी कंपनीच्या साइटवर तुमच्या फोनचं मॉडेल आणि अँड्रॉइडचं व्हर्जन चालतं का ते बघा. यात गफलत झाली तर पाचेक हजारांचा सेन्सर पडून राहतो. इन्सुलिन पंप (अंगाला लावलेलं, थोडंथोडं इन्सुलिन सोडणारं यंत्र) असेल तर त्याच्या जोडीचाच सेन्सर लागतो आणि त्याची जोडणी पंपाच्या कंपनीकडूनच करून घ्यावी लागते.

चौथी पायरी: लावणं, आणि आपली हवा

इथे जरा थांबते, कारण कंपनीच्या पत्रकात आपल्याकडचा मे महिना नसतो. दमट हवेत आणि घामात सेन्सरची चिकटपट्टी चौथ्या-पाचव्या दिवसापासून कडेने सुटू लागते. मी करते ते असं. आंघोळीनंतर लगेच सेन्सर लावत नाही, अंग पूर्ण सुकू देते. दंडाच्या मागच्या बाजूला, जिथे चिमटीत मांस येतं तिथे, आधी साध्या साबणाने धुऊन तेल-पावडर काढायची. मग स्पिरिटचा बोळा फिरवायचा आणि पंख्याखाली जागा कोरडी ठणठणीत होऊ द्यायची. ओल्या स्पिरिटवर लावलेला सेन्सर टिकत नाही. ॲप्लिकेटर दाबल्यावर लगेच उचलायचा नाही, काही क्षण धरून ठेवायचा. मग कडेकडेने बोट फिरवून पट्टी बसवायची. वरून खेळाडू लावतात तसली लवचिक टेप गोल कापून लावते, आणि मधोमध भोक ठेवते. लिब्रेच्या मध्यावर बारीक छिद्र असतं, ते झाकायचं नाही. दर वेळी दंड बदलायचा.

सेन्सर चालू झाला की साधारण तासाभराने आकडे येऊ लागतात. त्यामुळे रात्री झोपताना नवा सेन्सर लावू नका. दुपारचं जेवण झाल्यावर, घरात माणसं असताना लावावा. पहिला अस्थिर दिवस उजेडात जातो.

पोहायला हरकत नाही, पण मर्यादा आहे. लिब्रे एक मीटर खोलीपर्यंत अर्धा तास पाण्यात चालतो. विहिरीत सूर मारणाऱ्या पोरांनी हे लक्षात ठेवावं. शिवाय पाण्यातून ब्लूटूथ जात नाही, म्हणजे तेवढा वेळ लांबचा माणूस आंधळाच असतो. काठावर ज्याला माहीत आहे असं कुणीतरी हवं.

ग्लुकोमीटरच्या स्ट्रिपांची बाटली उघडी राहिली तर पावसाळ्यात स्ट्रिपा बिघडतात आणि चुकीचे आकडे देतात. स्ट्रिप काढली की झाकण लगेच लावायचं. फ्रिजमध्ये त्या ठेवू नयेत, बाहेर काढल्यावर आतून ओल धरते.

पाचवी पायरी: फोन आणि जोडणी

सेन्सरचा आकडा आधी मुलाच्या फोनवर येतो, तिथून इंटरनेटने कंपनीच्या सर्व्हरवर आणि तिथून तुमच्या फोनवर. या साखळीत कच्चा दुवा बहुतेक वेळा मुलाचा फोन असतो.

ब्लूटूथ मोकळ्यात साधारण सहा मीटर पोचतं. जांभ्याच्या जाड भिंतीपलीकडे त्याचा भरवसा नाही. मूल माजघरात आणि फोन पडवीत चार्जिंगला, ही आपल्या घरांतली नेहमीची तऱ्हा. उशाजवळ चार्जिंगची सोय करा. स्टीलच्या कपाटात, डब्यात फोन ठेवला की संपर्क गेलाच.

आता फोनच्या आतलं. ब्लूटूथ आणि लोकेशन कायम चालू ठेवा. आपल्याकडे चालणारे बरेच फोन बॅटरी वाचवायला मागे चाललेली ॲप गुपचूप बंद करतात. सेटिंगमध्ये त्या ॲपच्या बॅटरीपुढे ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ निवडा, ऑटोस्टार्ट चालू करा, आणि अलीकडच्या ॲपच्या यादीत त्यावर कुलूप लावा. अलार्मला ‘डू नॉट डिस्टर्ब’ ओलांडायची परवानगी द्या, नाहीतर फोन गप्प आणि शुगर खाली. अँड्रॉइडचं मोठं अपडेट आपोआप होऊ देऊ नका. ॲप त्यावर चालतं हे कळल्यावरच करा. आणि सेन्सर चालू असताना ॲप काढून परत टाकू नका, तो सेन्सर हातचा जाऊ शकतो.

लिब्रेची जोडणी अशी: मुलाच्या फोनवर लिब्रेलिंक, तुमच्या फोनवर लिब्रेलिंकअप. दोन्हीकडे स्वतःच्या ईमेलने खातं उघडा, देश भारत निवडा. मुलाच्या ॲपमध्ये ‘कनेक्टेड ॲप्स’मधून तुमच्या ईमेलला निमंत्रण पाठवा, तुमच्या ॲपमध्ये ते स्वीकारा. वीस जणांपर्यंत जोडता येतं. म्हणून वीस जण जोडू नका. दोन किंवा तीन पुरेत. मामा, काका, आत्या सगळे बघायला लागले की लो झाली रे झाली मुलाचा फोन घणघणत राहतो आणि साखर खायची राहून जाते.

जोडणी झाल्यावर परीक्षा घ्या. मुलाच्या फोनचा डेटा बंद करा, किती वेळाने तुमच्याकडे ‘आकडा येत नाही’ असं कळतं ते बघा. परत चालू केल्यावर मधले आकडे भरून येतात का बघा. लिब्रे २ सेन्सर मागच्या आठ तासांची नोंद स्वतःजवळ ठेवतो.

नाईटस्काउट हा मार्गही आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या जॉन कॉस्टिक या अभियंत्याने २०१३ साली आपल्या लहान मुलाचे सेन्सरचे आकडे कामावर बसून दिसावेत म्हणून ते इंटरनेटवर पाठवायची युक्ती केली, आणि त्यातून पालकांनी पालकांसाठी बांधलेली ही मोफत प्रणाली उभी राहिली. घड्याळावर आकडा, हवे तसे अलार्म, सगळं करता येतं. पण सर्व्हर स्वतः सांभाळावा लागतो. घरात संगणकातलं कुणी असेल तरच त्या वाटेला जा.

सहावी पायरी: अलार्म कुणाला, कितीला

सगळ्यांना ७० ला अलार्म लावला की सगळे एकाच वेळी दचकतात. त्यापेक्षा उतरंड लावा. मुलाच्या स्वतःच्या फोनवर ८०, म्हणजे त्याला आधी स्वतः सावरायची संधी. जवळच्या माणसाच्या फोनवर ७०. लांबच्या माणसाच्या फोनवर ६० किंवा ६५. मुंबईतल्या बाबांच्या फोनवर अलार्म वाजला याचा अर्थ, आधीच्या दोघांकडून काम झालेलं नाही, आता फोन करायचा. डॉक्टरांना दाखवून हे आकडे तुमच्यापुरते बदला. ज्या मुलांना लो झाल्याचं जाणवतच नाही त्यांच्यासाठी ते वर सरकवावे लागतात.

हाय शुगरचा अलार्म सुरुवातीला २५० ला ठेवा. १८० ला लावलात तर प्रत्येक जेवणानंतर वाजेल, आठवड्याभरात सगळे वैतागून आवाज बंद करतील, आणि खरी गरज असेल तेव्हाही तो बंदच असेल. आवाजाला सरावलेला कान हा या सगळ्या व्यवस्थेतला मोठा धोका आहे.

सातवी पायरी: लो दिसली, आता दुरून काय करायचं

आधी एकच फोन, मुलाला. उचलला तर दोनच प्रश्न: ‘खाल्लंस का? काय?’ का झालं, किती टोचलं होतंस, हे विचारायची ही वेळ नव्हे. लो असताना डोकं नीट चालत नाही आणि उलटतपासणी घेतली की पोरं पुढच्या वेळी फोन उचलत नाहीत. फोन उचलला नाही तर लगेच जवळच्या माणसाला. तेही नाही तर गाडीवाल्याला. प्रत्येकाला दोनदा रिंग, मग पुढचा.

उपचार साधा आहे: मोठ्या मुलांना आणि माणसांना १५ ग्रॅम लवकर भिनणारी साखर, म्हणजे साधारण तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून. लहान मुलांना वजनानुसार कमी, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. पंधरा मिनिटांनी बोट टोचून बघायचं, ७० च्या वर नसेल तर परत तेवढंच. बिस्कीट, लाडू, चॉकलेट यांना वेळ लागतो, ते नंतर.

लांबून बघणारे गडबडतात ते इथे. साखर खाऊन दहा मिनिटं झाली तरी सेन्सर ५९ आणि खाली बाण दाखवत असतो, कारण तो मागे आहे. मुंबईहून सारखे फोन येतात, ‘अजून दे, अजून दे’, आणि तासाभराने शुगर ३०० वर. त्या पंधरा मिनिटांत आपण काहीही करायचं नाही. पुढचा निर्णय बोटातल्या रक्तावरून. आमच्याकडे मुलाने एक शब्द पाठवायचा ठरलंय: ‘खाल्लं’. तो आला की मी पंधरा मिनिटं गप्प राहते. हे सोपं नाही, पण जमतं.

रात्री शुगर अचानक सरळ कोसळलेली दिसली तर मुलाला उठवून कूस बदलायला लावा आणि बोट टोचा. दाबामुळे झालं असेल, पण असेलच असं धरून झोपून जाऊ नका.

बेशुद्ध असेल, झटके येत असतील तर तोंडात काही घालायचं नाही. कुशीवर वळवा, १०८ लावा. शुगर झटकन वर आणणारं ग्लुकागॉनचं इंजेक्शन आपल्याकडे सगळीकडे मिळत नाही. डॉक्टरांनी दिलं असेल तर ते कुठे आहे आणि कसं द्यायचं हे जवळच्या माणसाला माहीत हवं.

उलटी बाजूही लक्षात ठेवा. शुगर २५० च्या वर तासन्‌तास चिकटून बसली असेल आणि सोबत ताप किंवा उलट्या असतील तर कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीरात साठणारी आम्लं) तपासा. जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन बंद करायचं नाही, डॉक्टरांना विचारून कमी-जास्त करायचं. वारंवार उलट्या, खोल धापा, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, ही दवाखान्यात न्यायची वेळ आहे, आकडा कितीही असो.

सणांचं एक खास सांगते. गणपतीत रात्रभर जाखडी नाचलेल्या, शिमग्यात पालखी खेळवलेल्या मुलाची शुगर त्या वेळी ठीक दिसते आणि पहाटे खाली येते. जोराच्या हालचालीचा परिणाम कित्येक तासांनी दिसतो. त्या रात्री झोपताना डोस आणि खाणं काय असावं ते आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा, आणि जवळच्या माणसाला पहाटे तीनला एकदा उठायला सांगा.

आठवी पायरी: आकडाच येत नाही तेव्हा

कोकणात हा प्रश्न ‘आला तर’ असा नसतो, तो येणारच असतो. डोंगराच्या पोटातली वाडी, पावसात गेलेली लाईट, टॉवरची संपलेली बॅटरी. कोकण रेल्वेने प्रवास करणाऱ्या मुलाचा आकडा बोगद्यांत गायब होतो. उक्षी आणि भोके यांच्यामधला कारबुडे बोगदा तर साडेसहा किलोमीटरचा. बाहेर आल्यावर आकडे भरून येतात. अशा वेळी घाबरून दहा फोन करण्यात अर्थ नसतो.

म्हणून नियम आधीच ठरवा. आमचा असा: प्रवासात किंवा वर्गात असल्याचं माहीत असेल तर एक तास थांबायचं. तसं काही नसेल तर अर्ध्या तासाने साधा फोन. नेट नसलं तरी कॉल किंवा एसएमएस जातो. तोही नाही तर जवळच्या माणसाला. शेवटचा आकडा आणि बाणही बघायचा. १६० आडव्यावर गायब झाला तर धीर धरा, ८५ खाली बाणावर गायब झाला तर लगेच फोन.

घरी दोन कंपन्यांची सिमं ठेवा, वाडीत कुठलं चालतं ते शेजाऱ्यांना विचारून. ब्रॉडबँड असेल तर राउटरला छोटा यूपीएस जोडा. लाईट गेल्यावर काही तास निघतात.

वादळाची तयारी वेगळी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, फोनही मुके झाले होते. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते, आणि २२ जुलैला चिपळूणचा पूर. अशा दिवसांत दुरून लक्ष ठेवणं संपतं आणि सगळं घरातल्या माणसावर येतं. इशारा आला की पॉवर बँक भरून ठेवा, स्ट्रिपा आणि सुया मोजा, दोन आठवड्यांचं इन्सुलिन घरात आहे ना बघा. दर तीन-चार तासांनी, झोपताना आणि पहाटे बोट टोचून वहीत लिहा. जेव्हा रेंज मिळेल तेव्हा एकच एसएमएस: वेळ, शुगर, इन्सुलिन किती.

फ्रिज बंद पडला तर घाबरू नका. वापरात असलेलं पेन साधारण चार आठवडे ३० अंशांच्या आत बाहेर चालतं, नेमका काळ आपल्या इन्सुलिनच्या खोक्यावर बघा. मडक्यात ठेवायची पद्धत चांगली आहे, पण आपल्या दमट हवेत पाणी हळू सुकतं, त्यामुळे मडकं देशावर जितकं थंड होतं तितकं इथे होत नाही. घरातली सगळ्यांत गार, अंधारी जागा शोधून तिथे ते ठेवा. बंदरावरून मासळीचा बर्फ सहज मिळतो म्हणून इन्सुलिन थेट बर्फावर ठेवू नका. गोठलेलं इन्सुलिन फुकट जातं. थर्मासमध्ये खाली थोडा बर्फ, वर जाड कापडाचा थर आणि मग पेन.

शाळा, हॉस्टेल आणि मुलाचं स्वतःचं मत

मुख्याध्यापकांना डॉक्टरांच्या चिठ्ठीसह अर्ज द्या: वर्गात फोन जवळ ठेवायची, शुगर तपासायची, मधेच खायची आणि इन्सुलिन घ्यायची परवानगी. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ साली राज्यांना याच अर्थाचं कळवलं आहे, त्याचा उल्लेख करा. वर्गशिक्षकांना एकच पान द्या: लोची लक्षणं, काय द्यायचं, कुणाला फोन. लो असलेल्या मुलाला एकट्याने संडासला किंवा ऑफिसात पाठवायचं नाही, हे त्यावर ठळक लिहा.

मूल मोठं होऊ लागलं की आकडा हा त्याचा खाजगी विषय होतो. मित्रांबरोबर बसलेलं असताना आईचा मेसेज येतो, ‘२४० कशी?’, आणि त्याला सगळ्यांसमोर चोर पकडल्यासारखं वाटतं. काही मुलं मग शेअरिंगच बंद करतात. माझ्या मते आठवीनववीपासून त्याच्याशी बसून ठरवावं: कुठल्या आकड्याला आपण फोन करणार, कुठल्याला गप्प बसणार, कोण बघणार, परीक्षेच्या दिवशी काय. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेख टाकायचा नाही. हाय आकड्यावरून रागवायचं नाही. आठवड्यातून एकदा, त्याला वेळ असेल तेव्हा, एकत्र आलेख बघावा.

सेन्सर दर महिन्याला परवडत नसेल तर

महिन्याला दोन सेन्सर म्हणजे दहा हजारांच्या आसपास, बऱ्याच घरांना न झेपणारा खर्च. मग वर्षभर ओढाताण करण्यापेक्षा नेमक्या वेळी लावा: डोस बदलताना, हॉस्टेलला जातानाचे पहिले दिवस, गणपती. एरवी ब्लूटूथचा ग्लुकोमीटर किंवा साधा ग्लुकोमीटर आणि मेसेज. उठल्यावर, प्रत्येक जेवणाआधी, झोपताना आकडा पाठवायचा, आणि ठरल्या वेळी आला नाही तर फोन. सेन्सर नसताना आम्ही असंच चालवलं आहे. पहिली, सातवी आणि आठवी पायरी तेव्हाही तशीच लागू होते.

डॉक्टरांपर्यंत आकडे पोचवणं

आपल्याकडून लोक कोल्हापूर, मुंबई, पुणे, सिंधुदुर्गातून गोव्याला बांबोळीच्या मेडिकल कॉलेजपर्यंत जातात. दिवस मोडून गेल्यावर ओपीडीत मिळतात काही मिनिटं. त्यामुळे आधी दोन आठवड्यांचा एजीपी रिपोर्ट (सगळ्या दिवसांचे आकडे एकाच दिवसाच्या आलेखावर दाखवणारा) पीडीएफ करून पाठवा. त्यात निदान ७० टक्के वेळ सेन्सर चालू असायला हवा, नाहीतर त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. रिपोर्टबरोबर चार ओळी लिहा: त्या दिवसांत ताप होता का, परीक्षा होती का, कुठल्या रात्री लो झाली आणि ती खरी होती की दाबामुळे, कुठल्या जेवणानंतर चढते. दवाखाना लिब्रेव्ह्यू (लिब्रेचे आकडे बघायची कंपनीची वेबसाइट) वापरत असेल तर त्यांचा कोड आपल्या ॲपमध्ये टाका, म्हणजे त्यांना थेट दिसतं. मात्र दवाखान्यात कुणी रात्रंदिवस तुमच्या मुलाचा आलेख बघत बसलेलं नसतं, हे स्पष्ट विचारून घ्या. रात्रीच्या लोसाठी कुठल्या नंबरवर फोन करायचा, तेही त्याच भेटीत लिहून आणा आणि पहिल्या पायरीच्या कागदावर टाका.